गाते छान, पण बोलत का नाही?

कुणाला एखादा बँड सुचवला की दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, कुणासारखा आहे? दुसरा, गाण्यांत म्हणतात काय? पहिल्यावर काहीतरी ठोकून देता येतं. दुसऱ्यापाशी माझी दरवेळी पंचाईत होते, कारण माझ्या सगळ्यात लाडक्या बँडची गाणी काय म्हणतात हे कुणालाच धड सांगता येत नाही. आपलं इंग्रजी कच्चं म्हणून नव्हे. लंडनमध्ये जन्मलेल्यांचीही तीच गत आहे. नेटवर शोधलंत तर एकाच गाण्याचे दोन साइट्सवर दोन पाठ सापडतात. दोन्ही चाहत्यांनी कान देऊन, अंदाजपंचे लिहिलेले. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांमध्ये असायचे तसे पाठभेद, फक्त इथे एकनाथ यायचे बाकी आहेत.

बँडचं नाव कॉक्टो ट्विन्स. ऐंशीच्या दशकातला स्कॉटिश बँड. नाव ऐकलं नसलं तरी त्यांचा आवाज तुमच्या कानावरून गेलेला असू शकतो : द वीकेंडच्या २०११ मधल्या ‘हाउस ऑफ बलून्स’ या मिक्सटेपवर ‘द नोइंग’ नावाचं गाणं आहे, त्यात यांच्या ‘चेरी-कलर्ड फंक’चा तुकडा वापरलाय.

आमचा पाच जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. दर रविवारी एकाने एकच गाणं टाकायचं, सोबत एक अक्षर लिहायचं नाही, आणि बाकीच्यांनी बुधवारपर्यंत ऐकून काय ते बोलायचं. नियम कुणी फारसे पाळत नाही. पण या ग्रुपमुळे मला स्टिरिओलॅब नव्याने सापडले. टॉक टॉक हा एकेकाळचा चकचकीत पॉप बँड १९८८ च्या ‘स्पिरिट ऑफ ईडन’मध्ये जवळजवळ शांततेपर्यंत कसा जाऊन पोचला, हेही तिथेच ऐकलं. माझी पाळी आली तेव्हा मी कॉक्टो ट्विन्स टाकले आणि वाद पेटला. एकाने विचारलं, “ही स्कॉटलंडची वेगळी भाषा आहे का?” दुसरीने लिहिलं, “शब्दच नाहीत, तर मी यातून घ्यायचं काय?” हा दुसरा प्रश्न काही पिच्छा सोडेना. त्याचं हे उत्तर, जरा लांबलेलं.

आधी थोडी माहिती. ग्रेंजमथ हे फोर्थच्या खाडीकाठचं गाव. त्याची मुख्य ओळख म्हणजे तिथला, २०२५ मध्ये बंद झालेला तेलशुद्धीकरण कारखाना. चेंबूर-माहुलकडे राहिलेल्यांना असल्या गावाचं वर्णन करून सांगायला नको. रॉबिन गथ्री आणि विल हेगी या दोन पोरांनी १९७९ मध्ये तिथे बँड काढला. गाणारं कुणी नव्हतं. गथ्री गावातल्या डिस्कोत रेकॉर्ड लावायचा. तिथे नाचायला येणारी एलिझाबेथ फ्रेझर त्याला दिसली, आणि ही इतकी छान नाचते म्हणजे गातही असेल, असा तर्क त्याने लढवला. इतका अडाणी तर्क इतका बरोबर निघाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. १९८२ मध्ये लंडनच्या फोरएडी या लेबलने ‘गारलंड्स’ हा त्यांचा पहिला अल्बम काढला. पुढे हेगी सोडून गेला, १९८३ च्या अखेरीस सायमन रेमंड बास घेऊन आला, आणि १९९७ मध्ये बँड मोडेपर्यंत मग हे तिघंच राहिले. गथ्री आणि फ्रेझर हे जोडपं होतं, हे इथेच सांगून ठेवते. त्याची पुढे गरज लागेल.

ड्रमर नव्हता. ड्रम मशीन होतं. त्यामुळे गाण्याचा ठेका अगदी ताठ, शाळेच्या कवायतीसारखा. त्यावर गथ्रीची गिटार. गिटारची तार छेडली की टोक असलेला सूर येतो, ही आपली सवय. गथ्री तो सूर कोरस, डिले, रिव्हर्ब अशा यंत्रांच्या रांगेतून असा काही नेतो की त्याची सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते कळेनासं होतं. भाताच्या कुकरचं झाकण काढलं की चष्म्यावर धरते ना वाफ, तसं. आणि या ताठ ठेक्याच्या अन् वाफेच्या मधून फ्रेझरचा आवाज येतो. एक नाही, तीन-चार. ती स्वतःच्याच आवाजावर स्वतःचा आवाज चढवते. खाली एक बाई काही पुटपुटतेय, मध्ये दुसरी ठणकावून सांगतेय, वर तिसरी नुसती भिरभिरतेय, आणि तिन्ही तीच.

हे शब्द ती आणते कुठून? तिने स्वतःच सांगितलंय की परक्या भाषांतली पुस्तकं, शब्दकोश चाळून ती आवडलेले शब्द टिपून ठेवायची. अर्थ बघायचाच नाही. तोंडात घोळवायचा, जिभेला बरा वाटला तर ठेवायचा. म्हणजे ही निव्वळ बडबड नव्हे. यातला बराचसा शब्द कुठल्यातरी भाषेत, कुणाच्यातरी घरात धडधाकट अर्थाचा असणार. फक्त त्याचं माहेर सुटलंय. १९८४ च्या ‘ट्रेझर’ या अल्बमवर दहा गाणी आहेत आणि दहाही गाण्यांना नुसती नावं दिलीत : लॉरेलाय, पर्सेफनी, पँडोरा, अलॉयशस अशी. शब्दकोशात सापडण्याऐवजी हाक मारल्यावर वळून बघतील असे शब्द. (अल्बम म्हणून ‘ट्रेझर’ मला जरा जास्तच नटवलेला वाटतो. चाहते चिडतात. पण खुद्द बँडलाही तो आवडत नाही, तेव्हा मी निर्धास्त आहे.)

फ्रेझरबद्दल लिहिणारे बहुतेक लोक एक वाक्य लिहितातच : ती आवाज वाद्यासारखा वापरते. मला हे वाक्य साफ नामंजूर आहे. बासरीला ओठ मिटून ‘म’ म्हणता येत नाही. सारंगी ‘ट’ आणि ‘त’ यांतला फरक करू शकत नाही. फ्रेझरच्या गाण्यात स्वरांपेक्षा व्यंजनं ऐका. शब्दाच्या सुरुवातीला ती ‘प’ आणि ‘ब’ फोडते, मध्ये ‘र’ आणि ‘ल’ जिभेवर लोळवते, शेवटी एखादा ‘ट’ खटकन मिटवते. हे सगळं बोलणाऱ्या माणसाचं काम आहे, वाद्याचं नव्हे. कोश बाजूला काढून ठेवलेली भाषा म्हणता येईल. शेजारच्या घरात भांडण चाललंय, भिंतीतून एक शब्द कळत नाही, पण कोण रडकुंडीला आलंय आणि कोण हट्टाला पेटलंय ते आपल्याला बरोबर कळतं. तिची गाणी मी तशी ऐकते. त्या मैत्रिणीला पहिलं उत्तर हे : शब्दांचा अर्थ नसला तरी बोलण्याचा आव, सूर, घाई, आर्जव हे सगळं इथे आहेच, आणि घ्यायचं ते हेच.

पण तिचा प्रश्न नुसता तिचा नाही. आपलं मराठी कान शब्दांवर पोसलेले आहेत. भावगीत म्हणजे आधी कविता, मग चाल, मग गळा. यशवंत देवांच्या पुस्तकाचं नावच मुळी ‘शब्दप्रधान गायकी’. गाणाऱ्याने शब्द कुठे तोडला, कुठल्या अक्षरावर वजन दिलं, यावर आपल्याकडे घराघरात चर्चा झडलेली असते. ही फार मोठी कमाई आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. गंमत इतकीच की तीच माणसं संध्याकाळी ख्यालाला बसली की बंदिशीचे शब्द कळले नाहीत म्हणून कधी हिरमुसत नाहीत. विलंबितात एकेक अक्षर इतकं ताणलं जातं की सुरुवात ऐकणारा शेवटापर्यंत शब्द विसरून गेलेला असतो. किशोरीताई आमोणकर तर स्वरालाच भाषा मानायच्या. आणि तराणा? तोम, तनन, दिर, दानी. त्याचा अर्थ विचारायला कुणी उभं राहत नाही. नाही म्हणायला उस्ताद अमीर खाँसाहेब होते. तराण्याचे बोल निरर्थक नाहीत, त्यांच्या मुळाशी फारसी शब्द आहेत, असं ते मांडायचे आणि तराण्यात फारसी शेर गुंफायचे. एवढ्या मोठ्या माणसालाही तिथे अर्थ हवासा वाटला, हे मला फार बोलकं वाटतं.

आता यावरून कुणी म्हणेल की बघा, आपल्याकडे हे आधीच होतं. नव्हतं. तराण्याचे बोल सगळ्यांचे असतात. ते लयीत बसतात, गुरूकडून येतात, आणि गाणारा ते सभेसमोर खणखणीत टाकतो. फ्रेझरचे शब्द तिचे एकटीचे. ते तिला कुणी शिकवले नाहीत आणि ती कुणाला शिकवू शकत नाही. तराण्यात काही लपवलेलं नसतं. इथे काहीतरी लपवलंय.

हे माझ्या आईला माझ्याआधी कळलं. एकदा स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता तिने ‘हेवन ऑर लास व्हेगस’ जवळजवळ पूर्ण ऐकला, कारण स्पीकर माझ्या ताब्यात होता. शेवटी म्हणाली, “बाई गाते छान, पण बोलत का नाही?” मी नेहमीचं भाषण सुरू केलं, की यात शब्द महत्त्वाचे नसतात वगैरे. तिने शेंगेचं देठ मोडत म्हटलं, “तसं नाही गं. तिला बोलता येतंय. बोलत नाहीये.”

येत नाही आणि बोलत नाही, या दोन गोष्टींमधला फरक समजून घ्यायला दुसऱ्या एका बँडकडे जाते. सिगुर रोस, आइसलंडचे. १९९४ मध्ये रेक्याविकला सुरू झालेला बँड. गायक योन्सी गिटारवर चेलोचा गज फिरवतो आणि अतिशय उंच, कोवळ्या आवाजात गातो. २००२ मधल्या त्यांच्या अल्बमचं नाव म्हणजे कंसांची एक जोडी, आत काहीच नाही. आठ गाणी, एकालाही नाव नाही. सोबतची पुस्तिका कोरी. ऐकणाऱ्याने स्वतःला सुचेल ते तिथे लिहावं. आणि भाषा कुठलीच नाही. तिला त्यांनी ‘व्होनलेन्स्का’ म्हटलं. ‘व्होन’ म्हणजे आशा. तेव्हा आपण आशाभाषा म्हणू या. काही मोजकी अक्षरं, पुन्हा पुन्हा, प्रत्येक गाण्यात जवळपास तीच.

हा अल्बम सुंदर आहे. पावसाळ्यात रात्रीच्या एसटीने घाट चढताना ऐकला तर गहिवरून येतं. पण दहाएक वेळा ऐकल्यावर मला त्याचा एक दोष जाणवायला लागला : तो फार उदार आहे. तुम्ही दुःखी असाल तर दुःखाचा होतो, प्रेमात असाल तर प्रेमाचा. स्वतःचं असं काही सांगायचा त्याचा आग्रहच नाही. कोरी पुस्तिका दिली की वाचक आपलंच अक्षर वाचून खूश होतो. म्हणूनच मला वाटतं या बँडची गाणी दृश्यांखाली इतकी सहज बसतात. त्यांचं २००५ मधलं ‘होपीपोला’ बीबीसीने ‘प्लॅनेट अर्थ’च्या जाहिरातींना लावलं आणि ते घराघरात पोचलं. (ते गाणं मात्र बव्हंशी चक्क आइसलंडिक भाषेत आहे.) त्या कंसवाल्या अल्बमचं शेवटचं, आठवं गाणं याला अपवाद. तिथे ढोल शेवटी असे काही अंगावर येतात की ऐकणाऱ्याच्या भावनांना कुणी विचारतच नाही, आणि अल्बमला अचानक स्वतःची इच्छा फुटते. बाकी सात गाण्यांमध्ये लपवलेलं काही नाही, कारण मुळात ठेवलेलंच काही नाही.

फ्रेझर याच्या अगदी उलट. तिच्याकडे सांगायचं भरपूर आहे आणि ती ते तुमच्या हाती लागू देत नाही.

१९९० चा ‘हेवन ऑर लास व्हेगस’ हा माझ्या मते त्यांचा सर्वोत्तम अल्बम. फोरएडीचा संस्थापक आयव्हो वॉट्स-रसेल याच्या मते तर त्याच्या लेबलने काढलेली ती सर्वोत्तम रेकॉर्ड. आणि तरी अल्बम आल्यावर थोड्याच दिवसांत, त्याच वर्षी, त्याने बँडशी करार संपवला. १९८९ मध्ये गथ्री आणि फ्रेझरला मुलगी झाली. गथ्री तेव्हा अमली पदार्थांच्या व्यसनात खोल गेलेला होता. पुढे त्याने हे मुलाखतींत उघडपणे सांगितलंय. त्याच सुमारास सायमन रेमंडचे वडील गेले. आयव्हर रेमंड, डस्टी स्प्रिंगफिल्डच्या गाजलेल्या गाण्यांचे अरेंजर. एका घरात पाळणा, दुसऱ्या घरात सुतक, आणि मध्ये एक माणूस जो खोलीत असूनही नाही. या सगळ्यातून दहा गाणी निघाली, मिळून जेमतेम ३८ मिनिटांची, आणि ती ऐकताना यातलं काही कळत नाही. कळतो तो उजेड. इतका उजेड की डोळे बारीक करावे लागतात.

तरी या अल्बमवर एक नवी गोष्ट घडते. अधूनमधून शब्द ऐकू येतात. धुक्यात बस चालली असावी आणि एखादी पाटी क्षणभर वाचता यावी, तसे. ‘पिच द बेबी’ हे बाळंतपणाबद्दल आहे हे कळतं, पूर्ण वाक्य एकही हाती लागत नाही. ‘आय वेअर युवर रिंग’मध्ये अंगठीपुरतं कळतं, ती सुखाने घातलीय की निरुपायाने ते नाही. शेवटचं ‘फ्रू-फ्रू फॉक्सेस इन मिडसमर फायर्स’ पियानोच्या मोजक्या, जड सुरांवर सुरू होतं आणि मग फ्रेझरचे आवाज एकावर एक असे चढतात की शेवटच्या मिनिटात कुठला खरा आणि कुठला त्याची सावली हे सांगता येत नाही. आई झालेली बाई आता काहीतरी सांगायच्या बेतात आहे, उंबऱ्यापर्यंत आलीय, असं मला तिथे दरवेळी वाटतं. अल्बमचं सगळं मोल माझ्यासाठी या उंबऱ्यात आहे. ‘ट्रेझर’मध्ये ती घराच्या आत खोल होती. इथे दार किलकिलं आहे.

आणि मग १९९३ मध्ये दार उघडलं. अल्बम ‘फोर-कॅलेंडर कॅफे’, लेबल नवीन, गथ्री-फ्रेझरचं नातं तुटलेलं. इथे फ्रेझर चक्क बोलते. शब्द कळतात, वाक्यं कळतात. एका गाण्याचं नाव ‘ब्लूबिअर्ड’ असं आहे, पण उच्चारावर जाऊ नका, निळा पक्षी नव्हे. युरोपातल्या लोककथेतला तो निळ्या दाढीचा नवरा, जो एकामागून एक बायका मारतो आणि एक खोली कुलूप लावून ठेवतो. गाणं चालीने अगदी हलकं, जवळजवळ सहलीचं. आणि त्यात ती समोरच्या माणसाला साध्या इंग्रजीत विचारते की तू माझ्यासाठी योग्य आहेस का, तुझ्याजवळ मी सुरक्षित आहे का. गिटार वाजवणारा तोच.

चाहत्यांमध्ये हा अल्बम आजही दुय्यम धरला जातो. जादू गेली, म्हणतात. आमच्या ग्रुपवरही तेच झालं. ज्या मित्राने ‘ट्रेझर’ला डोक्यावर घेतलं होतं त्याने या अल्बमला “ठीक, पण साधा” म्हणून निकालात काढलं. मला राग आला, आणि त्या रागातून या लेखाचा खरा मुद्दा हाती लागला. दहा वर्षं एक बाई परक्या शब्दकोशांच्या आड उभी राहून गात होती, आणि तिचं ते आडोशाला उभं राहणं आपल्याला फार मोहक वाटलं. परी, गूढ, दैवी, पारलौकिक अशी विशेषणं तिच्यावर उधळली गेली. ती मुलाखतींत स्वतःच्या शब्दांबद्दल बोलायला बिचकायची, त्याचंही कौतुकच झालं. आणि ज्या दिवशी तिने आडोसा सोडून एक साधा, घरगुती, जिवावरचा प्रश्न विचारला, त्या दिवशी आपल्याला कंटाळा आला. बाईने गूढ असावं हे बरं. तिने विचारू नये.

म्हणजे ‘फोर-कॅलेंडर कॅफे’ महान आहे का? नाही. तीन-चार गाणी बेतास बात आहेत, आणि गथ्रीची वाफ निवल्यामुळे काही ठिकाणी खालचा ठेका उघडा पडून कवायत नको इतकी ऐकू येते. पण ‘ब्लूबिअर्ड’ आणि ‘इव्हँजलिन’ ही गाणी मी ‘ट्रेझर’मधल्या कुठल्याही गाण्याच्या शेजारी ठेवीन. त्यांच्यात धाडस जास्त आहे. न कळणारं गाऊन दाद मिळवायची सवय लागलेल्या माणसाने कळेल असं गाणं सोपं नसतं.

आपण मात्र या सगळ्याच्या बाहेरचे श्रोते, हे विसरून चालणार नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला फ्रेझर ऐकताना आपली भाषा हातातून निसटल्याचा धक्का बसतो. पुण्या-मुंबईत, नाशकात, सांगलीत इंग्रजी गाणी ऐकत वाढलेल्यांना तो धक्का बसतच नाही. आपण बहुतेक सगळीच इंग्रजी गाणी आधी नाद म्हणून ऐकली, शब्द नंतर कधीतरी, छापील मिळाले तर. आपल्यासाठी प्रत्येक बँड थोडासा कॉक्टो ट्विन्स होता. मग असा परका कान या संगीताचं पुढे काय करू शकतो? याचं सगळ्यात देखणं उत्तर हाँगकाँगहून आलं.

वाँग कार-वाईचा १९९४ मधला ‘चंगकिंग एक्स्प्रेस’ तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. त्यातली खाद्यपदार्थांच्या टपरीवर मोठ्याने गाणं लावून काम करणारी, केस बारीक कापलेली मुलगी म्हणजे फे वाँग. ती मुळात गायिका. बीजिंगची, हाँगकाँगमध्ये स्टार झालेली. सिनेमाच्या शेवटी तिच्या आवाजात क्रॅनबेरीजच्या ‘ड्रीम्स’चं कँटनीज रूप वाजतं. त्याच वर्षीच्या तिच्या अल्बमवर ‘ब्लूबिअर्ड’चंही कँटनीज रूप आहे. पुढे कॉक्टो ट्विन्सनी तिच्यासाठी दोन गाणी रचली, ती तिच्या १९९६ च्या ‘फुझाओ’ या मँडरिन अल्बमवर आहेत. नावाचा अर्थ साधारण अस्वस्थ, चुळबुळता असा.

‘फुझाओ’ जरूर ऐका. त्यात काही गाणी अशी आहेत की थोडे शब्द झाल्यावर फे वाँग शब्द सोडून नुसती ला-ला करत, हुंकारत राहते. एवढी मोठी पॉप स्टार, कॅरिओकेवर चालणारा बाजार, जिथे पडद्यावर अक्षरं रंगत गेली पाहिजेत, आणि ही बाई अक्षरंच देत नाही. फ्रेझरची नक्कल करायची तर फे वाँगला तिच्यासारखे शब्द मोडता आले असते. तिने तसं केलं नाही. तिने स्वतःच्या भाषेतले शब्द नीट, स्पष्ट उच्चारले आणि जिथे बोलायचं नव्हतं तिथे गप्प बसायच्या ऐवजी गुणगुणली. ओट्यापाशी काम करणारी बाई स्वतःशीच गुणगुणते तसं. फ्रेझरच्या गाण्यात लपणं आहे. फे वाँगच्या गाण्यात बेफिकिरी आहे. तुम्ही ऐकताय का नाही याच्याशी तिला फारसं देणंघेणं नाही. आणि हे तिने फ्रेझर ऐकून, परकी म्हणून ऐकून, मिळवलं.

मराठीत असं कुणी करेल का, असा विचार माझ्या मनात येतो. स्वतंत्र गाणी करणारी मराठी मुलं-मुली आता बरीच आहेत. घरच्या घरी लॅपटॉपवर रेकॉर्ड करतात, आवाजांचे थर लावतात, गिटारला गथ्रीसारखी वाफही काढतात. पण शब्द आले की एकदम शहाणी होतात. कविता येते. चंद्र येतो, पाऊस तर येतोच. शब्द नीट कळले पाहिजेत ही घरातली शिकवण माइकसमोर उभी राहते. मला त्यांच्याकडून कॉक्टो ट्विन्स नकोत. पण तान्ह्या बाळाच्या तळहातावर बोट गोल गोल फिरवत आपल्या आज्या जे काही बोलायच्या, ज्यातल्या निम्म्या शब्दांना अर्थ नाही आणि तरी बाळ बरोबर वेळेला हसतं, त्यातलं थोडं पॉप गाण्यात आलं तर मी पहिली रांगेत उभी राहीन.

तर ग्रुपवरच्या त्या मैत्रिणीला मी शेवटी तीन गाणी पाठवली, एक अक्षर न लिहिता. पहिलं ‘फ्रू-फ्रू फॉक्सेस’. दुसरं ‘ब्लूबिअर्ड’, आणि त्याच्या लगेच मागे फे वाँगचं कँटनीज. तिसरं ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅकचं १९९८ मधलं ‘टिअरड्रॉप’, जे फ्रेझरने लिहिलं आणि गायलं. अमेरिकेत ‘हाउस’ ही डॉक्टरांची मालिका लागायची तेव्हा सुरुवातीला हेच गाणं असायचं, पण फक्त वाद्यांचा भाग. बाईचा आवाज यायच्या आत संपवलेला. कोट्यवधी लोकांना ती चाल पाठ आहे आणि गाणारी माहीत नाही.

मैत्रिणीचं उत्तर बुधवारी आलं. “टिअरड्रॉप आवडलं. दुसरं कँटनीज जास्त आवडलं. पहिल्याचं अजून ठरत नाहीये.” मग तासाभराने, “ती आता काय करते?”

ती अधूनमधून गाते. २०२२ मध्ये डेमन रीस या जोडीदाराबरोबर ‘सन्स सिग्नेचर’ या नावाने तिने पाच गाण्यांची ईपी काढली. फ्रेझर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. आवाज खाली उतरलाय, कडांना थोडा खरखरीत झालाय. त्यातल्या ‘गोल्डन एअर’ची लिंक मी मैत्रिणीला लगेच पाठवली. शब्द बरेचसे कळतात, आणि जिथे कळत नाहीत तिथे ती घाई न करता तेच अक्षर पुन्हा घेते.